दहा टक्के कुणाचे?

पाणीकपातीच्या बातमीत पहिला आकडा असतो तो टक्क्यांचा. दहा टक्के, पंधरा टक्के, फारच झालं तर वीस. आकडा इतका गुळगुळीत की वाचणाऱ्याच्या घशाखाली सहज उतरतो. दहा बादल्यांतली एक कमी, एवढंच ना? घेऊ चालवून. सगळ्यांनाच सारखी कपात आहे म्हटल्यावर तक्रार तरी कोण करणार?

पाणी सोडण्याचं काम करणाऱ्या एका माणसाबरोबर मी काही सकाळी हिंडले आहे. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकण असतं, ते तो आकड्याने उचलून बाजूला सरकवतो. खाली खड्ड्यात चिखल, कधी पाणी, आणि त्यात व्हॉल्व्हचं चौकोनी टोक. त्यावर माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी बसवायची आणि वरची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरून गोल फिरायचं. फिरताना तो ओठांतल्या ओठांत मोजत असतो. मध्येच थांबून चावीच्या दांडीला कान लावतो. लोखंडातून पाण्याचा आवाज वर येतो, आणि त्या आवाजावरून पाणी धावतंय की नुसती हवा सुटतेय ते त्याला कळतं. मी विचारलं, ‘दहा टक्के कमी कसं सोडता?’ तो हसला. ‘टक्के ऑफिसात असतात ताई. इथं फेरे असतात.’

फेरे आणि टक्के यांचा हिशेब सरळ जुळत नाही. या जातीच्या व्हॉल्व्हचं दार निम्मं खाली आणलं म्हणून पाणी निम्मं होत नाही. सुरुवातीचे बरेच फेरे फिरवूनही प्रवाहात फारसा फरक पडत नाही, आणि शेवटच्या थोड्या फेऱ्यांत तो एकदम आवळला जातो. म्हणून बहुतेक ठिकाणी सोपा मार्ग निघतो: व्हॉल्व्हला हात न लावता वेळ कमी करायची. तासभर सुटणारं पाणी सहा मिनिटं आधी बंद. कागदावर दहा टक्के बरोबर बसले.

आता त्या तासाच्या आत काय होतं ते पाहू. पाणी सुटतं तेव्हा पाइप रिकामा असतो. आधी तो भरावा लागतो, आतली हवा बाहेर पडावी लागते. पाइपाच्या सुरुवातीची आणि सखल भागातली घरं पहिल्या पाच मिनिटांत भरू लागतात. टोकाच्या वस्तीत समजा वीस मिनिटांनी पाणी पोचतं, म्हणजे तिचा तास मुळात चाळीस मिनिटांचा. सहा मिनिटं तिच्याही वाट्याची गेली, की तिची कपात दहा टक्क्यांची न राहता पंधरा टक्क्यांची होते. शिवाय सगळीकडे एकदम मोटारी सुरू होतात. कपातीच्या दिवसांत तर ज्यांनी कधी थेट नळाला मोटर लावली नव्हती तेही लावतात, आणि दाब इतका उतरतो की चढावरच्या घरात पाणी येतच नाही. तिथली कपात शंभर टक्के. उलट पाइपाच्या सुरुवातीला ज्या इमारतीखाली मोठी टाकी आहे, तिची टाकी एरवीसुद्धा अर्ध्या तासात भरते आणि बॉलकॉक बंद होतो. शेवटची सहा मिनिटं तिने कधी वापरलीच नव्हती. तिची कपात शून्य.

त्याच एका आदेशात हे सगळे बसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की शहराच्या पाणीबचतीच्या नियमांत आणि आणीबाणीच्या आराखड्यात महत्त्वाचा असतो तो क्रम: आधी कुणाचं, कशासाठीचं पाणी बंद होणार आणि शेवटपर्यंत कुणाचं चालू राहणार. ते लिहून ठेवलेलं नसेल तर ते ठरत नाही असं नव्हे. तेव्हा ते पाइपाचा उतार ठरवतो, आणि कुणाच्या तळघरात केवढी टाकी आहे ती ठरवते.

नियमांचे ढोबळ प्रकार चार. वेळेवर बंधन, वापरावर बंधन, दरडोई लिटरांवर बंधन आणि किमतीवाटे बंधन. वेळेबद्दल बोलून झालं. मला तो सगळ्यांत वाईट वाटतो, आणि तोच सगळ्यांत जास्त वापरला जातो, कारण त्याला मीटर लागत नाही. त्यात आणखी एक दोष आहे, तो आरोग्याचा. पाइपात सतत दाब असेल तर फटीतून पाणी बाहेर जातं. दाब शून्यावर आला की उलटा खेळ सुरू होतो, बाहेरचं गढूळ पाणी त्याच फटींतून आत ओढलं जातं. दिवसाआड पाणी सुरू झालं की पहिल्या धारेला वास का येतो, याचं उत्तर या फटींत आहे. बरं, बचत तरी होते का? भरून ठेवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी ताजं आलं की मोरीत ओतलं जातं, आणि पुन्हा पिंपं भरली जातात. आज नाही भरलं तर परवापर्यंत नाही, या धास्तीने माणूस गरजेपेक्षा जास्तच भरतो.

वापरावर बंधन म्हणजे गाडी धुऊ नका, बागेला पाइप लावू नका, कारंजी बंद. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुण्यासाठी, बागांसाठी, बांधकामासाठी आणि कारंज्यांसाठी वापरायला मनाई केली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. अशा नियमांवर टीका करणं सोपं असतं: पकडणार कोण, शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली करायची का, वगैरे. तरीही हे नियम मला पटतात. निदान त्यांत क्रम असतो. हिरवळ आधी, तहान नंतर, एवढं तरी ते स्पष्ट सांगतात.

मात्र कुठल्या वापरावर बोट ठेवायचं हे शहराच्या जमिनीखाली काय आहे त्यावर ठरतं. लास व्हेगासचं उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं वाळवंटी शहर, पाणी येतं कोलोरॅडो नदीवरच्या मीड सरोवरातून. तिथे घरात वापरलेलं जवळपास सगळं पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून पुन्हा सरोवरात जातं, आणि जेवढं परत गेलं तेवढं शहराला पुन्हा उचलता येतं. म्हणजे तिथे कुणी लांबलचक अंघोळ केली तरी सरोवराचं नुकसान नगण्य. जातं ते फक्त बाहेर शिंपडलेलं, उन्हात उडून गेलेलं पाणी. म्हणून त्यांनी नियमाचा रोख हिरवळीवर वळवला. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला: रस्त्याच्या दुभाजकांत, कार्यालयांच्या दारात नुसती शोभेसाठी असलेली हिरवळ जगवायला २०२६ नंतर नदीचं पाणी मिळणार नाही. मुलं खेळतात ते मैदान राहील, कुणी पाय ठेवत नाही ते गवत जाईल. ‘पाणी जपून वापरा’ या सरसकट उपदेशापेक्षा हा नियम कितीतरी विचारी आहे.

दरडोई लिटरांचा नियम सगळ्यांत प्रामाणिक. त्याची सगळ्यांत कडक परीक्षा दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये झाली, आणि तिथे थोडं रेंगाळायला हवं.

२०१५ ते २०१७, सलग तीन हिवाळे तिथे पाऊस कमी पडला. (तिथला पावसाळा हिवाळ्यात असतो.) थीवॉटरस्क्लूफ हे त्यांचं सगळ्यांत मोठं धरण, त्याच्या तळाला भेगा पडलेली छायाचित्रं तेव्हा जगभर फिरली. जानेवारी २०१८ मध्ये शहराने एक तारीख जाहीर केली: १२ एप्रिल. धरणांतला साठा १३.५ टक्क्यांवर आला की बहुतेक घरांचे नळ बंद. त्या दिवसाचं नाव ‘डे झीरो’. फेब्रुवारीपासून मर्यादा आली माणशी रोज ५० लिटरची. पन्नास लिटर म्हणजे अडीच-तीन बादल्या. त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ, भांडी, कपडे आणि संडास. जुन्या पद्धतीच्या टाकीत एका वेळी नऊ-दहा लिटर जातात, म्हणजे तीनदा साखळी ओढली की निम्मा कोटा संपला. लोक बादलीत उभं राहून अंघोळ करत आणि तेच पाणी संडासात ओतत.

तारीख आली असती तर काय, हेही शहराने आधी सांगून टाकलं. सुमारे २०० वाटप केंद्रं, माणशी रोज २५ लिटर. इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. शहराची वस्ती ४० लाख धरली तर एका केंद्रावर २०,००० माणसं. चौघांच्या घरातून एकच जण आला तरी त्याने उचलायचं वजन १०० किलो. एका केंद्रातून दिवसाला पाच लाख लिटर पाणी कॅनमध्ये भरून बाहेर पडायचं. गाड्या कुठे लावायच्या, म्हाताऱ्यांचं काय, एकटं राहणाऱ्या आजाऱ्याचं काय, रांगेत मारामारी झाली तर? बहुधा असाच हिशेब केपटाउनच्या अनेक घरांत झाला असावा, आणि पन्नास लिटरांत भागवण्याचं बळ त्यातूनच आलं असावं. भीती दाखवून वागणूक बदलते यावर माझा एरवी विश्वास नाही. इथे भीतीला आकडा होता आणि पत्ता होता, तो फरक असावा.

शहराने घरोघरच्या वापराचा नकाशाही खुला केला. मर्यादेत राहणाऱ्या घरावर हिरवा ठिपका. काहींना तो आगाऊपणा वाटला, काहींना चुरस. पाइपांतला दाब उतरवला, जास्त वापरणाऱ्या घरांना पाणी आपोआप अडवणारी उपकरणं बसवली, वरच्या टप्प्याचे दर चढवले. २०१५ मध्ये उन्हाळ्याच्या कमाल दिवशी सुमारे १२० कोटी लिटर लागणारं शहर २०१८ च्या सुरुवातीला ५० कोटींच्या आसपास आलं. शेतकऱ्यांच्या एका संघाने आपल्या खासगी बंधाऱ्यांतलं १,००० कोटी लिटर पाणी शहराच्या धरणात सोडलं. तारीख पुढे सरकत गेली, मे, जून, जुलै. मग जूनमध्ये पाऊस आला आणि डे झीरो आलाच नाही.

या गोष्टीला जगाने यशोगाथा केलं, आणि ती बऱ्याच अंशी आहेही. पण क्रमाचा प्रश्न तिथेही सुटला नाही. ऐपत असलेल्यांनी बोअर मारले, टाक्या बसवल्या, आणि नकाशावर त्यांचे ठिपके हिरवेच राहिले. दुसरीकडे, शहराच्या अनौपचारिक वस्त्यांत लोक कायमच सार्वजनिक नळावर रांग लावून पाणी भरत होते. शहराच्या एकूण पाण्यात त्यांचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. बाकीच्यांना ज्या दिवसाची धडकी भरली होती तो त्यांचा रोजचा दिवस होता. आराखड्यात एक गोष्ट मात्र नीट लिहिलेली होती: डे झीरो आला तरी या वस्त्यांचे सार्वजनिक नळ बंद होणार नाहीत, कारण तिथे रोगराई पसरली तर ती आवरता येणार नाही. रुग्णालयंही चालू राहणार. एवढा क्रम तरी आधी ठरला होता.

उलटं उदाहरण ब्राझीलमधल्या साओ पावलोचं. २०१४ मध्ये कांतारेरा हा जलाशयांचा समूह आटला. जवळपास ९० लाख लोक त्याच्यावर अवलंबून होते. मे महिन्यापासून मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं, एरवी न उचललं जाणारं पाणी पंपांनी उपसायला सुरुवात झाली. वर्ष निवडणुकीचं. पाणी वाचवणाऱ्याला बिलात सवलत जाहीर झाली, ‘रेशनिंग’ मात्र जाहीर झालं नाही. त्याऐवजी रात्री पाइपांतला दाब उतरवला जाई. अधिकृतपणे पाणीपुरवठा चालू, आणि चढावरच्या, टोकाच्या घरांत नळ कोरडे. दाब उतरवणं हे वाईट तंत्र मुळीच नव्हे. केपटाउननेही तेच केलं, आणि त्याने गळती खरोखर कमी होते. फरक सांगण्यात आहे. जिथे कपात आहे पण कुणी कबूल करत नाही, तिथे प्रत्येक कोरड्या नळाला ‘आमच्याच लाइनीत काहीतरी बिघाड असेल’ असं समजून प्लंबर बोलवावा लागतो.

कबुली केव्हा द्यायची, हाच तर खरा पेच असतो. साठा खाली येत असतो, पाऊस ‘आज-उद्या’ येणार असतो, कपात जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी धो धो कोसळला तर हसं होतं. स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या बार्सिलोनाचं २००८ मध्ये असंच झालं. दुष्काळ इतका वाढला की मे महिन्यात जहाजांनी पाणी आणायला सुरुवात झाली, एक वाट तारागोनाहून, दुसरी फ्रान्समधल्या मार्सेहून. त्याच महिन्यात पाऊस लागला, धरणं भरू लागली आणि जहाजं थांबवावी लागली. खर्च पाण्यात गेला म्हणायचं, दुसरं काय.

त्याच प्रांताने पुढे काय केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. कातालोनियाने जानेवारी २०२० मध्ये दुष्काळाचा आराखडा मंजूर केला, तेव्हा डोक्यावर आणीबाणी नव्हती. त्यात पायऱ्या लिहून ठेवल्या: साठा अमुक टक्क्यांवर आला की इशारा, त्याखाली अपवादात्मक स्थिती, १६ टक्क्यांखाली आणीबाणी. प्रत्येक पायरीला कोणते वापर बंद आणि गावाला माणशी किती लिटर, हे पक्कं. आणीबाणीच्या पहिल्या टप्प्यात २००, मग १८०, मग १६०. या आकड्यात घरापासून गावातल्या इतर वापरापर्यंत सगळं आलं. १ फेब्रुवारी २०२४ ला साठा खरोखरच १६ टक्क्यांखाली गेला आणि आणीबाणी लागू झाली. कुणाला बैठक घेऊन धाडस करावं लागलं नाही. निर्णय चार वर्षं आधी, डोकं शांत असताना घेतलेला होता. राजकारण्याची हिंमत ही गोष्ट दुष्काळात आणखीच दुर्मीळ होते, तेव्हा ती लागूच नये अशी सोय करून ठेवणं बरं.

दुष्काळ टोकाला गेला की दिसतात त्या पाण्याच्या रेल्वेगाड्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला निघालेली ‘जलदूत’ मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख. त्याआधी मार्चमध्ये लातुरात टँकर आणि पाणीसाठ्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. जुलै २०१९ मध्ये चेन्नईची पाळी आली. जोलारपेट्टईहून गाडी, तिच्यातही पंचवीस लाख लिटर. या गाड्यांचं स्वागत झालं, फोटो निघाले, आणि ते गैर नाही. पाण्यावाचून तडफडणाऱ्याला हिशेब सांगू नये. पण आराखडा करणाऱ्याने हिशेब टाळू नये. चेन्नईचा पुरवठा तेव्हा कापून कापून दिवसाला सुमारे ५२ कोटी लिटरवर आणला होता. त्यापुढे गाडीची एक फेरी म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. माणशी २५ लिटर धरले तर एक लाख लोकांचा एक दिवस. त्याच चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये पुराने घरांचे तळमजले बुडाले होते. साडेतीन वर्षांच्या अंतराने एकाच शहराला होडी आणि आगगाडी दोन्ही लागल्या.

मोठमोठे प्रकल्प हाही एक उपाय असतो, आणि तो बहुधा उशिरा पोचतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नने दुष्काळाच्या ऐन भरात, २००७ मध्ये, समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना उभारायचं ठरवलं. दुष्काळ २०१० मध्ये संपला, कारखाना २०१२ मध्ये तयार झाला, आणि त्याचं पाणी शहराने पहिल्यांदा घेतलं ते २०१७ मध्ये. तोवर तो पांढरा हत्ती म्हणून शिव्या खात उभा होता. मला मात्र त्या शिव्या पूर्ण पटत नाहीत. अग्निशमन दलाची गाडी वर्षभर उभी राहिली म्हणून कुणी ती विकायला काढत नाही.

आता फुकुओका. जपानमधल्या या शहराबद्दल फार कमी बोललं जातं. शहरात मोठी नदी नाही. १९७८ मध्ये तिथे दुष्काळ पडला आणि २८७ दिवस पाणीकपात चालली. उंचावरच्या वस्त्यांत नळ कोरडे, हजारो टँकर फिरले. शहराने यावर नुसतं नवं धरण मागितलं नाही. १९८१ मध्ये एक नियंत्रण केंद्र उभं केलं, जिथे बसून शहरभरच्या जलवाहिन्यांतला दाब आणि प्रवाह दिसतो आणि व्हॉल्व्ह तिथूनच उघडता-मिटता येतात. गळती हुडकायला माणसं लावली, आणि ती दोन टक्क्यांच्या आसपास आणून ठेवली. मोठ्या इमारतींत संडासासाठी सांडपाणी शुद्ध करून वापरायला लावलं. १ जून हा पाणीबचतीचा दिवस ठरवला, म्हणजे पावसाळा नीट लागायच्या आधीच आठवण. मग १९९४ मध्ये तसाच दुष्काळ पुन्हा आला. वस्ती तोवर वाढलेली. या वेळी कपात २९५ दिवस चालली, आधीपेक्षाही जास्त. पण टँकर एकही पाठवावा लागला नाही.

पाऊस तितकाच दगा देणारा, कपातीचे दिवस आठाने जास्त, आणि तरी टोकाच्या घरापर्यंत पाणी पोचलं. दाब कुठे किती ठेवायचा हे भागाभागाच्या उंचीप्रमाणे ठरवता आलं, म्हणून. कपात खरोखर सारखी वाटून द्यायची तर इतकी यंत्रणा लागते. ती नसताना ‘सरसकट दहा टक्के’ म्हणणं म्हणजे पाइपाच्या टोकाशी राहणाऱ्यांच्या अंगावर ओझं ढकलून मोकळं होणं.

आणीबाणीचा आराखडा मात्र निव्वळ दुष्काळाचा असून भागत नाही. धरण काठोकाठ भरलेलं असतानाही नळ बंद करावे लागतात. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात तसं झालं. ईरी सरोवरात शेवाळाचं विष झालं आणि ते शुद्धीकरणातूनही निसटून नळापर्यंत आलं. चारेक लाख लोकांना सांगावं लागलं: पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका. हे ‘उकळू नका’ सगळ्यांत अवघड. पाणी खराब आहे म्हटलं की आपला हात आपोआप गॅसकडे जातो. पण हे विष उकळून मरत नाही, पाणी आटून उलट दाट होतं. पालिकेचा संदेश अर्धवट पोचला असता तर शहाणी, काळजी घेणारी माणसंच आधी फसली असती. तेव्हा आराखड्यात टँकरांच्या यादीइतकीच महत्त्वाची असते ती आधीच लिहून ठेवलेली चार-पाच साधी वाक्यं. कोणत्या संकटात काय सांगायचं, कुणी सांगायचं, कोणकोणत्या भाषांत, आणि वीज गेलेली असताना ते कसं पोचवायचं.

विजेचं वरवर बोलून चालणार नाही. पाणीपुरवठा हा निम्मा विजेचाच धंदा आहे. पंप बंद पडले की जलकुंभ काही तासांत रिकामे होतात, आणि जनरेटर आहे म्हणजे डिझेल आहे असं नव्हे.

आपत्तीत माणसाला किती पाणी लागतं, याचे जगभर वापरले जाणारे मापदंड आहेत, स्फिअर या नावाचे. माणशी रोज किमान १५ लिटर. एका नळावर २५० हून जास्त माणसं नकोत. घरापासून नळ ५०० मीटरच्या आत, आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहावं लागू नये. आपत्तीत सापडलेल्यांसाठी, निर्वासितांच्या छावण्यांसाठी केलेले हे आकडे आहेत. कोणत्याही शहराचा टँकरचा नकाशा यांच्यापुढे धरून पाहावा. मी जे पाहिले आहेत त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी लिटर कसेबसे बसतात, रांग बसत नाही. टँकर येतो कधी ते माहीत नसतं, त्यामुळे घरातला एक माणूस दिवसभर त्याच्या वाटेला बांधलेला राहतो. कामावर न जाता.

आणि पंधरा लिटर हे धडधाकट माणसाचं माप झालं. डायलिसिसच्या रुग्णाला यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर शुद्ध पाणी फिरवावं लागतं, चार तासांच्या एका बैठकीला १२० लिटर. ते पाणी तयार करताना बाजूला टाकलं जातं ते वेगळंच. आठवड्यातून दोन-तीनदा हे लागतं आणि त्यात पन्नास टक्के तर राहू दे, दहा टक्केसुद्धा कपात करता येत नाही. अशी केंद्रं आता मोठ्या रुग्णालयांपुरती राहिलेली नाहीत. गल्लीतल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरही असतात, आणि त्यांची नळजोडणी साध्या दुकानासारखी नोंदलेली असू शकते. आराखडा वाचायला मिळाला तर मी आधी हे शोधते: शहरातली सगळी डायलिसिस केंद्रं यादीत आहेत का, आणि ती कुठल्या व्हॉल्व्हवर आहेत. त्यानंतर आगीचे बंब. जिथे पाइपात दाब नाही तिथे हायड्रंट नुसता लाल खांब असतो. बंबाने पाणी कुठून भरायचं ते आग लागायच्या आधी ठरलेलं असावं.

राहिली किंमत. लोकांनी मनापासून बचत केली की पाणी कमी विकलं जातं आणि पुरवठा करणाऱ्या खात्याची कमाई घटते. पाइप, पंप, पगार यांचा खर्च मात्र तेवढाच. मग दर वाढतात किंवा बिलात स्थिर आकार येतो. केपटाउनमध्ये हेच झालं. ज्यांनी बादलीत उभं राहून अंघोळ केली त्यांना वाटलं, आम्हाला शहाणपणाचा दंड बसला. हा राग मला रास्त वाटतो. हिशेब उलगडून दाखवला असता तर कदाचित तो कमी झाला असता, पण तो कपात जाहीर करतानाच दाखवायला हवा, बिल हातात पडल्यावर नाही.

आणि कपात उठणार कधी, याचा एक शब्द बहुतेक आदेशांत नसतो. ‘पुढील आदेशापर्यंत’. पहिला जोराचा पाऊस झाला की नगरसेवकापासून नळ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळे विचारू लागतात, आणि दबावाखाली कपात एका दिवसात उठते, साठा नीट भरण्याआधीच. केपटाउनने पायऱ्यांनीच खाली उतरायचं ठरवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५० चे ७० लिटर, डिसेंबरमध्ये १०५, आणि पूर्ण मोकळीक नोव्हेंबर २०२० मध्ये, तीही धरणं भरल्यावर. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात काही नियम तर उठलेच नाहीत. बागेला स्वयंचलित फवारे लावायचे ते संध्याकाळी सहा ते सकाळी दहाच्या दरम्यान. हातात पाइप धरायचा तर त्याच्या तोंडाला दाबलं तरच पाणी सोडणारी तोटी हवी, मग दिवसाच्या कोणत्याही वेळी चालेल. धरण भरलेलं असो वा नसो.